ऊस झालेली गोधडी

बारडोलीतल्या एका लहानशा दत्ताच्या देवळात प्रकाशराव डोळे मिटून, हात जोडून उभे होते, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यावर कोकिळा ओरडली. एकदा नाही, अकरा वेळा. प्रकाशरावांनी डोळे उघडले. दत्ताच्या उजव्या अंगाला, घंटेच्या थोडं वर, त्यांचं घड्याळ लटकत होतं. सोनेरी कडेचं, दर तासाला कोकिळा बोलणारं, दिवाळीत त्यांनी सासूबाईंना स्वतःच्या हातानं दिलेलं घड्याळ. खाली लाल रंगात लिहिलं होतं, ‘श्रीमती उषाबाईंकडून देवास अर्पण’. दिवाळी होऊन महिनाही झाला नव्हता.

देवळात मनःशांती मिळते म्हणतात. प्रकाशराव तीर्थ न घेताच बाहेर आले.

उषाबाईंची ही सवय साऱ्या बारडोलीला ठाऊक होती. घरात वस्तू आली की त्यांना आधी ती वस्तू दिसायची आणि लगेच मागोमाग ती ज्याच्याकडे जायला हवी तो माणूस दिसायचा. प्रकाशरावांनी दिलेला मिक्सर दूधवालीकडे गेला. काश्मिरी शाल सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींच्या खांद्यावर गेली. पायांना मसाज करणारं यंत्र शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे पोचलं, आणि त्या भल्या माणसानं ते प्रकाशरावांनाच कौतुकानं दाखवलं. “पाय घालून बघा, जावईबापू. काय सुख आहे! कुणी दिलं कुणास ठाऊक, देव त्याचं भलं करो.” प्रकाशरावांनी पाय घातले. दुसरं करणार काय?

सुरतेकडे परत येताना गाडीचा प्रत्येक गिअर ते आपटून टाकत होते. कडोदऱ्याला नीलाबाईंनी विचारलं, “अहो, काय झालं?”

“तुझ्या आईनं माझं घड्याळ देवाला दिलं.”

“मग चांगलंच की. देवालाच दिलं ना?”

“देवाला वेळ कळत नाही का? त्याला घड्याळ कशाला?”

“आईचा स्वभावच तसा. वस्तू पडून राहिलेली तिला बघवत नाही.”

“पडून कुठं होती? भिंतीवर होती!”

मागच्या सीटवरून शर्वरी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “पप्पा, विकत आणलेलं माणसं देऊनच टाकतात. हातानं केलेलं कुणी देत नाही.” एवढं बोलून ती पुन्हा मोबाइलमध्ये बुडाली. अठराव्या वर्षी माणूस असाच असतो, काडी ओढतो आणि दुसऱ्या खोलीत जातो.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी उषाबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी त्यांना अशी वस्तू द्यायची, जी त्या जन्मात कुणाला देणार नाहीत, असं प्रकाशरावांनी ठरवलं. ठरवताना त्यांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली, त्यामुळे हॉर्न वाजला आणि पुढचा रिक्षावाला काहीतरी बोलला. सुरती रिक्षावाला काय बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

आता, प्रकाशराव बँकेत अधिकारी. या हातांनी सत्तावीस वर्षांत सही सोडून दुसरं काही केलेलं नव्हतं. एकदा त्यांनी घरात खिळा ठोकला होता. त्या जागी आता कॅलेंडर आहे, आणि ते खिळ्यावर नाही, भोक झाकायला चिकटपट्टीनं लावलेलं आहे. तरी माणसानं मनावर घेतलं की काय होत नाही?

“आईला थंडी फार वाजते,” नीलाबाई म्हणाल्या. “गोधडी करू. आम्ही अमळनेरला असताना आई स्वतः शिवायची. जुनी सुती लुगडी पाहिजेत फक्त. मऊ, धुऊन धुऊन विरलेली.”

त्यांनी कपाट उघडलं. मग दुसरं उघडलं. मग पलंगाखालची पेटी ओढली. बावीस वर्षांच्या सुरतेतल्या संसारात साड्या होत्या एकशे चाळीस, आणि त्यांत सुती धागा एकही नव्हता. खोटं वाटत असेल तर सुरतेतलं कुठलंही कपाट उघडून बघा. अर्ध्या देशाला हे शहर साड्या नेसवतं, पण इथे सुती म्हणजे दिव्यातली वात आणि पुरुषांचे बनियन. शर्वरीनं बनियनांचा विषय काढून पाहिला. प्रकाशरावांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं तो तिथेच सोडला.

खालच्या मजल्यावर मगनभाई राहत. साड्यांचे व्यापारी, मोठे दिलदार. त्यांनी गाऱ्हाणं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “प्रकाशभाई, सुरतमां रहीने कापड माटे रडवानुं? शरम करो!” आणि दुसऱ्या दिवशी नमुन्याच्या तुकड्यांचं गाठोडंच वर पाठवलं. गुलाबी, मोरपंखी, लिंबू, जांभळा. काहींवर हत्ती, काहींवर मोर, आणि एकावर मोरावर बसलेला हत्ती. सगळं अस्सल पॉलिएस्टर. खिडकीतून ऊन आलं की खोलीत दसरा झाल्यासारखं दिसे.

नीलाबाईंनी एक तुकडा दोन बोटांत धरून सोडला. तो जमिनीवर पडून तसाच सरकत दारापर्यंत गेला.

“अहो, हे घसरेल.”

“घसरायला ती काय पायरी आहे? गोधडी आहे ती.”

पहिल्या शनिवारी काम सुरू झालं. आत भरायला जुनं ब्लँकेट, खाली-वर तुकडे. एक थर दुसऱ्यावर ठेवला की पहिला निघून जाई. चारी कोपऱ्यांवर माणसं बसवावीत तर माणसं तीनच. म्हणून चौथ्या कोपऱ्यावर समोरच्या चंचलबेनना बसवलं. हे चुकलं. कारण चंचलबेन एकदा बसल्या की सल्ला दिल्याशिवाय उठत नसत.

“आ शुं मांड्युं छे, प्रकाशभाई? गोधडी? अमारे तो गोधडीत कडुनिंबाचा पाला भरतात. डास नाही येत.”

“डास तसेही बसत नाहीत हिच्यावर,” प्रकाशराव म्हणाले. आणि ते खरंच होतं. डास बसायचा, पाय सरकायचे, आणि तो बिचारा ओशाळून उडून जायचा. चंचलबेनची मांजर एकदा दिवाणावर या गोधडीच्या डोक्याकडच्या बाजूला झोपली आणि जागी झाली ती स्वयंपाकघरात. त्या दिवसापासून ती त्या मजल्यावर सगळीकडे नखं बाहेर काढूनच चालते, असं चंचलबेन शपथेवर सांगत.

त्यात पौषातली कोरडी हवा. गोधडीला हात लावला की ‘चट्’ असा चटका बसे आणि अंगावरचे केस उभे राहत. प्रकाशरावांच्या डोक्यावर केस थोडे, म्हणून ते जास्तच उठून दिसत. एकदा शिवता शिवता ते दार उघडायला गेले, तर कुरियरवाला पाकीट उंबऱ्यावर ठेवून सही न घेताच निघून गेला.

खरी अडचण जागेची होती. गोधडी सात फूट बाय पाच फूट, आणि हॉल सोफ्यानं भरलेला. ती पुरती पसरल्याशिवाय मधले टाके घालता येईनात. तेव्हा नीलाबाईंनी सांगितलं, “रविवारी डुमसला जातोच की आपण. तिथंच पसरू.”

सुरतेत रविवारी संध्याकाळी घरी चूल पेटवणं हे जवळजवळ पाप समजतात. सगळं गाव चटया, डबे, म्हातारी माणसं घेऊन डुमस रस्त्याच्या कडेला जाऊन बसतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघत जेवतं. समुद्र पुढे आहे, पण तो बघायला फारसं कुणी जात नाही. त्या ओळीत त्या रविवारी प्रकाशरावांचं कुटुंब गोधडी अंथरून शिवायला बसलं. शर्वरी दहा हात लांब, आपला आणि यांचा काही संबंध नाही अशा बेतानं बसली होती. पण टोमॅटोची भजी आणली तेव्हा जवळ आली, आणि मग सुई तिच्याही हातात आली.

लोक जमले. सुरती माणूस दुसऱ्याचं काम बघायला कधी कंटाळत नाही.

“मोठा टाका घाला, काका, लवकर होईल.”

“बारीक घाला. मोठ्यात पायाचा अंगठा अडकतो. माझे सासरे तसेच पडले होते.”

“मशीन नथी घरमां?”

“मशीनवर केलं तर ते हातचं कसं होईल?” प्रकाशराव तत्त्वाला धरून होते. एका आजोबांनी चष्मा काढून टाके पाहिले आणि विचारलं, “डॉक्टर आहात का?” ते असं का म्हणाले, हे प्रकाशरावांना नंतर घरी गेल्यावर कळलं.

त्यांचे टाके अगदी त्यांच्या सहीसारखे होते, आणि सही डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी. सुरुवातीला ठसठशीत, पुढे कसेतरी, आणि शेवटी खाली एक लांब रेघ.

अशा वेळी महापालिकेचा माणूस आला. हातात पावतीपुस्तक. रंगीत कापड, भोवती गर्दी, मध्ये बसलेला मालक. त्याचा समज होणारच.

“फेरियानुं कार्ड?”

“आम्ही विकत नाही. शिवतोय.”

“शिवून मग विकणार ना?”

“सासूबाईंना देणार आहे!”

“साहेब, बधा आम ज कहे छे. सगळे असंच सांगतात. उभे राहा.”

प्रकाशराव ताडकन उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर गोधडीही उभी राहिली. गेला पाऊण तास ते गोधडीबरोबर आपली पॅंटही शिवत होते. डुमस रस्त्यावर हत्ती-मोरांची झूल पांघरून उभा असलेला बँक अधिकारी सुरतेनं त्याआधी पाहिला नव्हता. दोन जणांनी फोटो काढले. एका लहान मुलीनं आईला विचारलं, “मम्मी, हे काका नाचणार आहेत?” महापालिकेच्या माणसानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यानं पावतीपुस्तक मिटलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “सासू कडक छे?”

“हो.”

“बेसो, बेसो. शांतीथी शिवा.” आणि तो जाताना प्रकाशरावांच्या पाठीवर थोपटून गेला.

असे चार रविवार गेले. प्रकाशरावांच्या डाव्या हाताच्या पाची बोटांना पट्ट्या आल्या. बँकेत काउंटरवर लोक विचारत, “साहेब, काय लागलं?” तर ते खोकत. पण वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गोधडी पुरी झाली. न्हाणीघरातल्या काट्यावर तिला कडेवर घेऊन ते उभे राहिले, मग एकटे उभे राहिले, आणि त्यांनी जाहीर केलं, “सहा किलो. जन्मताना शर्वरी याच्या निम्मी होती.”

रविवारी सकाळी निघायचं. गाडीच्या डिकीत गॅसची टाकी, म्हणून डिकी नावापुरती. मागच्या सीटवर शर्वरी आणि पुरणपोळ्यांचा डबा. गोधडी तिच्या मांडीवर ठेवली तर कामरेजच्या पुलापर्यंत... नाही, तो रस्ता दुसरा. सोसायटीच्या फाटकापर्यंतच ती तीनदा खाली घसरली आणि चार चटके देऊन गेली. “पप्पा, ही माझ्या अंगावर नको!” शेवटी गोधडी चादरीत गुंडाळून गाडीच्या टपावर बांधायची ठरली. मगनभाईंनी स्वतः खाली येऊन बांधली. “तीस वर्षं गाठी बांधतोय, प्रकाशभाई. आ गांठ नहीं छूटे.”

गाठ खरंच सुटली नाही. ती शेवटपर्यंत जशीच्या तशी होती. चादरही होती. गोधडी तेवढी आतून निघून गेली.

झालं ते असं. कडोदरा ओलांडला की बारडोलीकडच्या रस्त्याला जानेवारीत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. प्रकाशराव एका ट्रॅक्टरला मागे टाकून पुढे आले आणि समोर गतिरोधक आला. गाडी उडाली. शर्वरीनं मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा काहीतरी गुलाबी, मोरपंखी, चकचकीत हवेत पसरलं होतं. तिला क्षणभर वाटलं, पतंग. सुरतेच्या पोरीला जानेवारीत आभाळात दुसरं काय दिसणार? मग ते सावकाश, ऐटीत, मागच्या ट्रॅक्टरच्या उसावर उतरलं.

“पप्पा! आजीची गोधडी!”

प्रकाशरावांनी गाडी कडेला घेईपर्यंत ट्रॅक्टर डावीकडे आतल्या रस्त्याला वळला होता. वळून मागे लागेपर्यंत त्या रस्त्यावर एकासारखे एक साठ ट्रॅक्टर दिसू लागले. ते सगळे एका साखर कारखान्याकडे चालले होते. कुठल्या, ते विचारू नका. त्या भागात साखर कारखाने एकदोन नाहीत, आणि माणसं सगळीकडे सारखीच.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं वही पुढे केली. नाव, गाव, कुणाला भेटायचं, कशासाठी.

“आमची गोधडी आत गेली आहे.”

“पास होता का तिचा?”

“गोधडीला पास?”

“आत जाणाऱ्या प्रत्येकाला लागतो.” मग त्याचं त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि त्यानं ‘कशासाठी’च्या रकान्यात ‘घरगुती’ असं लिहून त्यांना सोडलं.

आत शर्वरीनंच ती आधी पाहिली. वजनकाट्यावरून नुकत्याच उतरलेल्या ट्रॉलीवर, दोरखंडाखाली आवळलेली, धूळ आणि पाचटानं माखलेली, पण हत्ती ओळखू येत होता. ट्रॉलीच्या पुढे फक्त पाच ट्रॉल्या होत्या, आणि त्यांच्या पुढे गव्हाण. ऊस तिच्यात पडत होता आणि पलीकडच्या रोलरांत जाऊन चिपाड होऊन बाहेर येत होता. चार रविवार, पाच बोटं आणि एक पॅंट, सगळं पाच ट्रॉल्यांच्या अंतरावर होतं.

ट्रॅक्टरवर दगा नावाचा ड्रायव्हर बसला होता. धुळ्याकडचा, दर हंगामाला इकडे येणारा. प्रकाशराव धावत आलेले बघून तो हसला. “तुमनी शे का भाऊ ही? तीनदाव खाले पडनी रस्तामा, तीनदाव उचलीसन वर ठेवी. मंग दोरखाले बांधी टाकी.”

“दादा, काढा ती! लवकर!”

“काढतू. पन बाबूले विचारा. काटा झाया.”

बाबू म्हणजे वजनकाट्यावरचे कुंदनभाई. काचेच्या खोलीत, गळ्यात मफलर, समोर कम्प्युटर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“जुओ साहेब. भरलेल्या गाडीचं वजन झालं. चिठ्ठी निघाली. आता त्या गाडीत जे आहे ते सगळं ऊस.”

“पण ती गोधडी आहे!”

“मला दिसते ना. कम्प्युटरला नाही दिसत.”

 बँकेत हेच वाक्य प्रकाशराव स्वतः रोज दहा जणांना ऐकवत, आणि ते समोरून ऐकायला कसं वाटतं हे त्यांना आज सत्तावीस वर्षांनी कळत होतं. पण माणूस कामात मुरलेला. त्यांनी कागद मागितला आणि उभ्या उभ्या अर्ज लिहिला. ‘विषय : उसासमवेत अनवधानाने गेलेली गोधडी (नग एक) परत मिळणेबाबत.’ कुंदनभाईंनी अर्ज वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटला.

“अर्ज सरस छे. आता फक्त शेतकी अधिकाऱ्यांची सही.”

“कुठं आहेत ते?”

“आज रविवार. फॅमिली लईने डुमस गया छे.”

बाहेर एक ट्रॉली रिकामी झाली. चार उरल्या.

नीलाबाई इतका वेळ पदर खोचून उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. “भाऊ, तुम्हाला काळजी कशाची आहे? गोधडी काढली तर वजन कमी भरेल, याचीच ना?”

“हा, बेन. ते माझ्यावर येणार.”

“मग तेवढ्याच वजनाचा ऊस टाकला तर?” हे शर्वरी म्हणाली.

कुंदनभाईंनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. “वजनाबद्दल वजन...” ते पुटपुटले. “नियमात लिहिलेलं नाही. पण नियमात ना पण नाही. किती किलो गोधडी?”

“सहा!” प्रकाशराव ओरडले. एवढ्या ठामपणे त्यांनी आयुष्यात कुठला आकडा सांगितला नव्हता.

आणि मग पंचाहत्तरीसाठी घातलेला रेशमी झब्बा सावरत प्रकाशराव, आणि जरीची साडी सावरत नीलाबाई कारखान्याच्या आवारात सांडलेले ऊस गोळा करू लागले. पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला. ऊस वेचणाऱ्यांना पकडणं हेच त्याचं काम. कुंदनभाईंनी खिडकीतून हात हलवून त्याला सांगितलं, “जवा दे, जवा दे! हे टाकतायत, नेत नाहीत!” असलं काही त्या पहारेकऱ्यानं नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं असेल. तो शिट्टी तोंडात तशीच धरून उभा राहिला.

कुंदनभाईंनी उपाहारगृहातला भाजीचा काटा आणवला. मोळी भरली सहा किलो शंभर ग्रॅम. दगानं ती वर फेकली आणि गोधडी खाली ओढली. ट्रॉलीपुढे तेव्हा एकच गाडी उरली होती.

“शंभर ग्रॅम वरचे कारखान्याला भेट,” प्रकाशराव मोठेपणानं म्हणाले.

गोधडी अंगावर घेताच ती त्यांच्या झब्ब्याला चिकटली. दगा पुन्हा हसला. “आते नही पडाव ती. रस लागी गया तिले.”

अकराला पोचायचं ते तीन वाजता पोचले. उषाबाई दारातच उभ्या होत्या. पांढरंशुभ्र पातळ, कपाळाला आठ्या. मागे पोस्टमास्तर, गुरुजी, दूधवाली, म्हणजे प्रकाशरावांच्या आजवरच्या सगळ्या भेटवस्तू ज्यांच्याकडे गेल्या ती सगळी मंडळी बसलेली.

“जेवायला बोलावलं होतं, जावईबापू. चहाला नाही.”

प्रकाशरावांनी गोधडी पुढे केली. ती उलगडायला दोघं लागली, कारण घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. उलगडली तेव्हा पाचट गळलं, माती गळली, आणि मागोमाग मुंग्यांची एक रांग शिस्तीत बाहेर पडली.  गुरुजींनी पाय वर घेतले.

उषाबाईंनी चष्मा लावला. कडेपासून बोट फिरवत निघाल्या.

“हे नीलेचे टाके. मीच शिकवलेत. हे पोरीचे, घाई आहे, पण हात बरा आहे.” कोपऱ्याशी बोट थांबलं. “आणि हे?”

प्रकाशराव छताकडे बघत राहिले.

“हे टाके घालताना भूकंप झाला होता का?”

“डुमसला होतो, आई,” प्रकाशराव म्हणाले.

“हात बघू.”

त्यांनी डावा हात पुढे केला. पट्ट्या लावलेली पाच बोटं, आणि त्यांना चिकटलेली मुंग्यांची दोन कुटुंबं. उषाबाईंनी एकेक बोट उलटंसुलटं करून पाहिलं. मग मागे वळून जमलेल्या मंडळींकडे एकेकाकडे पाहिलं. पोस्टमास्तरांकडे, गुरुजींकडे, दूधवालीकडे. ती नजर प्रकाशराव ओळखत होते.  दूधवालीनं, बिचारीनं, हळूच खुर्ची मागे सरकवली.

“नाही,” उषाबाई म्हणाल्या. “हिला कुणी घेणार नाही.”

आणि त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “तुम्ही आणता ते सगळं चांगलं असतं हो, जावईबापू. कुणालाही द्यावं आणि त्याच्या तोंडावर आनंद दिसावा, असं असतं. माझ्याकडे ठेवून मी एकटी म्हातारी काय करू त्याचं? पण ही कुणाला द्यायची सोय नाही. माझ्याच गळ्यात पडली ही.”

प्रकाशरावांना आयुष्यात इतकं छान कुणी काही बोललं नव्हतं.

पोळ्या गरम झाल्या, जेवणं झाली. जेवण होईपर्यंत मुंग्या घालवायला गोधडी अंगणात धुतली. पॉलिएस्टरच ते, अंधार पडेपर्यंत वाळली. आणि वाळली तशी उषाबाईंच्या पलंगावर घातली, तर सरळ खाली गेली. पुन्हा घातली, पुन्हा गेली. उषाबाई तिसऱ्यांदा वाकल्या नाहीत. त्यांनी आतली ट्रंक ओढली आणि झाकण उघडलं. आत घडीवर घडी, विरलेली, मऊ सुती पातळं.

“ही इथं पडलीत, आणि तुम्ही सुरत धुंडाळत होतात? एक फोन करता आला नाही?”

“तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं.”

“मग आता कळलंय ना? बसा इकडं. वरचं घसरडं सगळं उसवा, त्या जागी ही पातळं लावू. तुमचा तो कोपरा सोडून.” त्यांनी कात्री प्रकाशरावांच्या हातात दिली आणि नीलाबाईंना म्हणाल्या, “पोरीचं कॉलेज आहे ना उद्या? तुम्ही दोघी गाडी घेऊन जा. यांना राहू दे. मला आता सुईत दोरा ओवायला डोळे नाहीत.”

“आई, यांना बँक आहे.”

“बँक कुठं पळतेय?”

सोमवारी सकाळी दहाला प्रकाशरावांनी बँकेत फोन लावला. मांडीवर अर्धं पातळ, ओठांत दोरा, कानापाशी मोबाइल. पलीकडून शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, रजा कशासाठी?

“घरगुती अडचण आहे, साहेब.”

शेजारून उषाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर बोटातलं शिवणकामाचं अंगुस्तान आपटलं. “अडचण कसली? नीट सांगा त्यांना. गोधडी शिवतोय म्हणावं. आणि गुरुवारपर्यंत येत नाही म्हणावं, अजून कड राहिलीय.”

प्रकाशरावांनी ओठांतला दोरा काढला, पाठ ताठ केली, आणि सगळं तसंच्या तसं सांगितलं.